ऑड्री कूपलंडचे तीन पूर्ण दिवस

आमच्या हॅगर्बी गावात पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावपंचायतीची, सभा भरवायची, तर तिची नोटीस आधी तीन पूर्ण दिवस फळ्यावर लागलेली असावी लागते. नोटीस लावली तो दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही, रविवार धरायचा नाही आणि सरकारी सुट्टीही धरायची नाही. हे मी आता झोपेतही सांगेन, कारण ऑड्री कूपलंडने सव्वीस वर्षं ते गावाच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं. बसथांब्याशेजारच्या फळ्यापाशी उभी राहून ती बोटांवर दिवस मोजायची आणि मगच काचेच्या दाराला किल्ली लावायची. येणारे-जाणारे विचारायचे, काय ऑड्री, बोटं अजून दहाच आहेत ना? ती तिकडे लक्ष द्यायची नाही.

ऑड्री कौन्सिलची क्लार्क. कागदावर आठवड्याचे दहा तास काम, प्रत्यक्षात डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत. चढावरच्या पेटीत रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ थंडीआधी भरलं का, चर्चसमोरचा दिवा का मिणमिणतो, कुणाचं कुंपण पायवाटेवर आलंय, कुणाच्या कुत्र्याने खेळाच्या मैदानात काय करून ठेवलंय, या सगळ्याची पत्रं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडायची आणि प्रत्येकाला उत्तर जायचं. मूर्खाच्या पत्रालाही जायचं. सभेत तिला मत नाही. तिने फक्त नियम सांगायचा आणि इतिवृत्त लिहायचं. पण पाच सभासदांपैकी एकाचीही तिच्यापुढे चुकीचा ठराव मांडायची छाती नव्हती. मी त्या पाचांतला एक. मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, कौन्सिलशी माझा काय संबंध? माझ्या वर्कशॉपसमोरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन एकदा सभेला गेलो, तर एक जागा रिकामी होती. घरी परतलो तो सभासद होऊन. खड्डा अजून आहे.

सभा गावच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या रेघा मारलेल्या फरशीवर भरते. तिथे ऑड्री अध्यक्षाला ‘चेअरमन’ म्हणायची आणि अहोजाहो करायची. बाहेर पडल्यावर तोच रॉजर मम्बी तिच्या शाळेतल्या बाकावरचा, त्याला ती दोन मिनिटांत ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हणून मोकळी व्हायची. रॉजर शेतकरी, वाईट माणूस नाही, पण एकदा मान ताठ केली की वाकवायला जड.

आता विल्फचं सांगतो. विल्फ टॉइनने एकेचाळीस वर्षं गावच्या दफनभूमीतलं गवत कापलं. कबरी खणल्या त्याही हातानेच, यंत्र त्याला मान्य नव्हतं. त्याने लग्न केलं नाही, भाऊबहीण उरलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात अंगणात घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि इस्पितळातून त्याला थेट आठ मैलांवरच्या लाउथ शहरातल्या वृद्धांच्या निवासात नेऊन ठेवलं. त्याचं भाड्याचं घर महिन्याभरात दुसऱ्या कुणाला गेलं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसाचं काय ते सांगितलं आणि मे महिन्यात त्याचं पत्र ऑड्रीच्या टेबलावर आलं. वाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. पूर्वेच्या कुंपणाशी, जिथे बसून मी डबा खायचो, तिथे मला जागा द्या. तिथले सगळे माझ्या ओळखीचे आहेत.

अडचण अशी की आमच्या दफनभूमीत अकरा जागा उरल्यात आणि नियम स्पष्ट आहे: मृत्यूसमयी गावात राहत असलेल्यालाच जागा. बाहेर गेलेल्याला नाही, मग तो कुणी का असेना. जागा संपत आल्या तेव्हा हा नियम केला, आणि त्याचा मसुदा ऑड्रीचाच होता. त्याच नियमाने रॉजरने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मावशीला नाही म्हटलं होतं, कारण ती म्हातारपणी समुद्रकाठी राहायला गेली होती. मावशीच्या मुली अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्यामुळे विल्फसाठी अपवाद करायचा म्हटल्यावर रॉजर सरळ म्हणाला, मावशीला नाही आणि विल्फला हो, हे कुठल्या तोंडाने सांगू?

विल्फचं दुखणं पाहता जूनच्या नेहमीच्या सभेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. ऑड्रीने जादा सभा बोलावली, मंगळवारची. नोटीस गुरुवारी संध्याकाळी लावली, लाउथहून विल्फला भेटून परतल्यावर. सभेत अर्धा तास बोलणं झालं. आम्हा पाचांपैकी डेनिस, मी आणि पोस्ट चालवणारी पॉलीन एका बाजूला. रॉजर आणि मिसेस लेगेट दुसऱ्या. तीन विरुद्ध दोन. अपवाद मंजूर झाला. रॉजरने निमूटपणे सही केली आणि दिवे मालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑड्रीने जाऊन विल्फला सांगितलं, तेव्हा म्हणे त्याने कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केलं.

गुरुवारी सकाळी मी एका ट्रॅक्टरखाली आडवा होतो, आणि फोन वाजला.

“क्लाइव्ह, सोमवारी सुट्टी होती,” ऑड्री म्हणाली.

मे महिन्यातली शेवटच्या सोमवारची सुट्टी. मी म्हटलं, होती, मग काय? तिने सांगितलं, शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार धरायचा नाही आणि सोमवारही धरायचा नाही. दोनच दिवस झाले. सभा बेकायदा, ठराव रद्द. तिचा आवाज इतका सपाट होता की मी ट्रॅक्टरखालून बाहेर येऊन बसलो.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. कारण डेनिस आदल्याच दिवशी मुलीकडे न्यूझीलंडला गेला होता, दोन महिन्यांसाठी. पुन्हा सभा घ्यायची म्हणजे दोन विरुद्ध दोन, आणि बरोबरी झाली की अध्यक्षाचं जादा मत. विल्फची जागा गेलीच म्हणायची. मी तिला म्हटलं, गप्प बस. गावात दिवस मोजणारी तू एकटी. तू बोलली नाहीस तर कुणाच्या बापाला कळणार नाही.

“मला कळलंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी फळ्यावर नोटीस लागली: क्लार्कच्या चुकीमुळे मंगळवारची सभा रद्दबातल, विषय जूनच्या सभेपुढे येईल. खाली तिची सही. लोक थांबून थांबून वाचत होते. सव्वीस वर्षं जिची चेष्टा केली तिची खरीखुरी चूक हाती लागली, तर एकालाही चेष्टा सुचेना. मी मात्र दिवसभर तिच्या नावाने दातओठ खात होतो. नियमाला देव करून बसलेली बाई, असं पॉलीनपाशी बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी तिने मला तिच्याकडे बोलावलं, ते सामान हलवायला. पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल, फायलींची तीन कपाटं आणि नवऱ्याच्या वेळचा पियानो, सगळं मागे न्यायचं होतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी फुगलेलाच होतो म्हणून विचारलं नाही. काम संपल्यावर म्हणाली, व्हॅन काढ, लाउथला जायचंय.

विल्फ उशांना टेकून बसला होता, नाकाला प्राणवायूची नळी. ऑड्री कोटही न काढता पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली.

“विल्फ, परवा मी तुला ठराव झाला म्हणून सांगितलं ना, तो झालाच नाही. दिवस मोजताना मी चुकले.”

विल्फने तिच्याकडे मान वळवली. “तू?”

“मी.”

“कुठला दिवस चुकलीस?”

“सोमवार. सुट्टीचा.”

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तो काही थांबेना, नर्स येऊन गेली. मग त्याचं हसू ओसरलं. भिंतीकडे बघत तो म्हणाला, “म्हणजे मला इथेच पुरणार. या शहरात मला दूधवालाही ओळखत नाही गं.”

“इथे नाही. तू माझ्याकडे येतोयस. पुढची खोली रिकामी केलीय, सोमवारी आरोग्य खात्याचा पलंग येतोय, नर्स दोन वेळा येईल. नियमात लिहिलंय, मृत्यूसमयी गावात राहणारा. तर तू गावात राहशील.”

मी दारात उभा होतो. मला वाटतं मी टोपी काढली, का ते माहीत नाही.

विल्फने भिंतीवरून नजर काढली. “आणि मेलोच नाही लवकर, तर?”

“तर राहशील. मला स्वयंपाक धड येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.”

निवासाच्या बाईंनी कागदपत्रांची बरीच यादी सांगितली, पण कागदांच्या बाबतीत त्यांची गाठ ऑड्रीशी होती. पुढच्या बुधवारी विल्फ माझ्या व्हॅनमधून हॅगर्बीत परत आला. दफनभूमीपाशी त्याने गाडी हळू करायला लावली आणि कंत्राटदाराने कापलेलं गवत बघून एक शिवी दिली.

जूनच्या सभेत पायवाटेच्या फाटकाचा विषय झाला, कुणाच्या तरी नव्या काचेच्या खोलीचा बांधकाम-अर्ज झाला, मग ऑड्रीने चष्मा सावरला.

“चेअरमन, विषय क्रमांक सात मागे घेतलाय. मिस्टर टॉइन आता गावचे रहिवासी आहेत. अपवादाची गरज नाही.”

रॉजरने पेन खाली ठेवलं. म्हणाला, ही सरळसरळ पळवाट आहे.

“राहणारा माणूस कशासाठी राहतो, हे नियम विचारत नाही. मसुदा मीच केलाय, चेअरमन. हवं तर वाचून दाखवते.”

रॉजरने पेन उचलून पुढचा विषय पुकारला. सभा संपल्यावर हॉलच्या पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं आणि म्हणाली, “रॉजर, गाढवासारखा तोंड पाडून हिंडू नकोस. घरी ये. तो तुझी चौकशी करतो.” तो त्या आठवड्यात गेला, शेतातल्या कोवळ्या वाटाण्याची पिशवी घेऊन. दोघं तासभर शेंगा सोलत बसले होते, असं ऑड्री म्हणाली. मावशीचा विषय निघाला का, हे मी विचारलं नाही.

निवासातून निघताना डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते. विल्फ सप्टेंबरपर्यंत राहिला. खिडकीशी बसून तो रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात करायचा, लोक आत यायचे, प्लम ब्रेडच्या, म्हणजे मनुका घातलेल्या गोड पावाच्या, चकतीवर चीज ठेवून त्याच्यासोबत खायचे, ऑड्रीच्या फायलींवर चहाचे कप ठेवायचे. तिचा संताप व्हायचा. ऑगस्टमध्ये विल्फने दफनभूमीतल्या गवताबद्दल कौन्सिलकडे लेखी तक्रार केली, म्हणजे नाश्त्याच्या टेबलावर कागद पुढे सरकवला. ऑड्रीने तो नोंदवून घेतला आणि तीन दिवसांनी, पुन्हा नाश्त्याच्याच टेबलावर, त्याला रीतसर उत्तर दिलं. त्याने ते उत्तर असमाधानकारक म्हणून परत केलं. मला हे सांगताना ती चिडलेली होती, पण तिला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. नवरा जाऊन तिला अठरा वर्षं झाली होती.

विल्फ गेला तो एका रविवारी पहाटे, तिच्या घरात. पूर्वेच्या कुंपणाशी त्याला पुरलं. कबर मी आणि रॉजरने हातांनी खणली. यंत्र आणलं असतं तर तो उठून बसला असता. अर्धं गाव आलं होतं, पाळकाने थोडक्यात आटपलं, लोक हॉलमध्ये चहाला गेले. ऑड्री मागे राहिली. दफनाच्या नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करायची तिची पद्धत. व्हॅनच्या बॉनेटवर वही ठेवून तिने नाव लिहिलं, वय लिहिलं आणि पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला.

मी म्हटलं, चल, मिळाली एकदाची म्हाताऱ्याला त्याची जागा. आणि त्या फोनबद्दल माझं चुकलंच, हेही म्हटलं. ते ती ऐकत होती की नाही, कळेना.

“गेल्या आठवड्यात तो मला म्हणाला,” ती वहीकडे बघत बोलली, “ऑड्री, आता मला कुठेही पुरलंत तरी माझी काही तक्रार नाही. मला घरी यायचं होतं, ते झालं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नकोस, नियमाने जागा तुझी आहे. मला काय सुचणार दुसरं?” तिने पेनला टोपण लावलं. “क्लाइव्ह, मी त्याला एवढंच म्हणाले.”

तिने वही मिटली. मी तिला हॉलकडे नेलं नाही, घरी नेलं. पुढच्या खोलीतला पलंग न्यायला आरोग्य खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. त्यांचं येणं थांबवता येईल का, असं तिने मला दारातच विचारलं. नियम काय आहे, ते मात्र विचारलं नाही.