विहिरीवरचं सरकारी झाड

रामजीने माझ्या बैठकीसमोर फडकं सोडलं आणि मुळ्यांचा एक झुबका खाली ठेवला. मुळ्यांना चुना आणि दगडाची खपली चिकटलेली होती.

“ह्या हिरीच्या आतून निघाल्यात, वकीलसाहेब,” तो म्हणाला. “बांधकामाच्या सांदीतून. मोटंच्या बाजूचे दोन दगड पार भाईर आल्यात.”

रामजी कड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी. स्वतःची जमीन, स्वतःची विहीर, धाकटा भाऊ ज्ञानबा हाताशी. विहिरीच्या अगदी काठावर शिंदीचं झाड होतं. ते विहिरीकडे कललं होतं आणि त्याच्या मुळ्या आतला दगड सुटा करत होत्या. झाड काढलं की काठ बांधून घेता येणार होता. दोन माणसांचं सकाळभराचं काम. त्यासाठी तो पहाटे निघून तालुक्याला वकिलाकडे आला होता, कारण झाडाच्या बुंध्यावर नंबर कोरलेला होता.

आजच्या वाचकाला हे सांगायला हवं. पहिलं महायुद्ध चालू होतं त्या सुमाराची ही गोष्ट, निजामी अंमलातली. शिंदीच्या झाडातून जो रस निघतो त्याची दारू होते, आणि दारूचं खातं म्हणजे आबकारी. त्यामुळे शिंदीचं झाड कुणाच्याही शेतात उगवो, ते सरकारचं. आबकारीचे लोक येऊन त्यावर नंबर घालून जात. जमिनीचा सारा तुम्ही भरायचा, झाडाला हात लावायचा नाही.

“रान माजं, हीर माज्या बापानं खांदली,” रामजी म्हणाला. “मंग झाड कावून सरकारचं?”

“कायदा तसा आहे.”

“उद्या सकाळी पाडून टाकतो. चुलीत घालतो. कुनाला कळतंय?”

“पाटलाला कळेल, पाटील कळवील, आणि तू हवालातीत जाशील. तसलं काही करू नकोस. आपण रीतसर दरख्वास्त देऊ.”

दरख्वास्त म्हणजे अर्ज. मी तेव्हा तिशीतला होतो आणि कागदावर माझा फार विश्वास होता. उर्दूत झोकदार मसुदा केला. लवकर निकाल लागावा म्हणून मुद्दाम लिहिलं, की सदर झाड विहिरीत कोसळण्याच्या बेतात असून मोठा धोका आहे, सबब ते तोडण्याची इजाजत मिळावी. रामजीला वाचून दाखवलं. त्याला निम्मं कळलं नाही, पण तो समाधानाने गेला.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. मी वाचला आणि पुन्हा वाचला. सरकारी झाडाला धोका आहे असं अर्जदार स्वतः म्हणतो, सबब आबकारीच्या दारोग्याचा मुआयना, म्हणजे पाहणी होईपर्यंत झाड तोडू नये, त्याच्या मुळांना इजा होईल असं खोदकाम वा बांधकाम आसपास करू नये. झाडाच्या सुरक्षिततेची जबाबदारी अर्जदारावर.

रामजीने तोवर गवंडी बोलावून काठाला दगडाचा टेकू द्यायला सुरुवात केली होती. हुकूम घेऊन पाटलाचा माणूस गेला आणि ते काम बंद पाडून आला. अर्ज केला नसता तर निदान टेकू तरी लागला असता.

मी तडक कचेरीत गेलो. पेशकार, म्हणजे साहेबापुढे मिसली, प्रकरणांच्या फायली, ठेवणारा कारकून, पान लावत बसला होता.

“हे काय केलंत? धोका माणसाला आहे, झाडाला नाही.”

“तुमच्या दरख्वास्तीत तसं कुठं हाय?” त्याने मिसल उघडून माझ्याच ओळीवर बोट ठेवलं. “झाड कोसळंल, धोका हाय, असं तुमीच लिवलंय. धोका कुनाला ते न्हाई लिवलं. आमी झाडाचं खातं बगतो.”

“मग दारोग्याला लवकर पाठवा.”

“दौऱ्यावर हायत. येतील तवा येतील.”

मी दुसरा अर्ज दिला. तो पहिल्या मिसलीला जोडला गेला. तिसऱ्याचंही तेच झालं. दर बाजाराला रामजी यायचा, ओसरीच्या पायरीवर बसायचा आणि एकच विचारायचा, “आला का कागद?” गव्हाच्या ओंब्या भरत आल्या होत्या. पाणी तोडलं असतं तर हातचं पीक गेलं असतं. वस्तीवरच्या धनगरांची मेंढरंही त्याच विहिरीच्या पाण्यावर होती.

शेवटच्या खेपेला तो पायरीवर बसला नाही, उभाच राहिला.

“वकीलसाहेब, मोट थांबवू का? ज्ञानबा म्हंतोय, बैल माघारी काठाशी आले की खालचं हालतंय.”

मी हुकूम पुन्हा वाचला. “मोटेला मनाई कुठे लिहिलेली नाही,” मी म्हणालो.

त्याने मला कायदा विचारला नव्हता. तो मोट थांबवू का, एवढंच विचारत होता आणि मी थांबव म्हटलं असतं तर तो थांबला असता. मला हुकमात काय लिहिलंय तेवढंच दिसलं. या एका वाक्याची लाज मला आजही वाटते.

चार दिवसांनी सकाळच्या पाळीला ज्ञानबा मोट हाकत होता. बैल मागे सरत काठावर आले आणि मोटेच्या बाजूचा काठ, झाड, एक बैल आणि ज्ञानबा सगळं मिळून विहिरीत गेलं. दगड उपसून त्याला बाहेर काढायला दुपार उलटली. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी गेलो तेव्हा त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

दारोगा मात्र आता तिसऱ्याच दिवशी हजर झाला. त्याने विहिरीतून झाडाचं खोड बाहेर काढवलं, नंबर पडताळला, लांबी मोजली आणि पंचनामा केला. पंचनाम्यात ज्ञानबाचं नाव एकदाच आलं, झाड पडलं त्या वेळी हजर असलेला इसम म्हणून. मग रामजीला नोटीस निघाली. सरकारी झाडाची जबाबदारी तुझ्यावर असताना ते कसं पडलं, याचा खुलासा कर.

रामजी नोटीस घेऊन आला. डोकं भादरलेलं होतं.

“काय लिहू?” मी विचारलं.

“लिवा की, झाड पाडलं न्हाई. तुमी सांगितलं तसं ऱ्हायलो.”

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तेवढंच सांगत होता, आणि म्हणून ते जास्त लागलं. मी खुलासा लिहिला. या खेपेला प्रत्येक शब्द तोलून लिहिला. दोन महिन्यांनी निकाल आला, झाड आपोआप पडलं, अर्जदाराचा कसूर नाही, मिसल दाखलदफ्तर. वकिलीच्या हिशेबात मी मुकदमा जिंकलो होतो. रामजीने ती विहीर पुन्हा बांधली नाही. ज्ञानबाची बायको माहेरी गेली.

राज्यं बदलली, खाती बदलली. सरकार नको असं मी कधीच म्हटलं नाही. चोर धरायला, तंटे तोडायला ते हवंच. पण माणसाच्या स्वतःच्या बांधाच्या आत त्याने किती शिरावं, याला कुठेतरी हद्द असायला हवी. ती हद्द मला कायद्याच्या पुस्तकात सापडली नाही, म्हणून माझ्यापुरती मी आखून घेतली. पुढे कुणी पक्षकार आपल्या घरात, आपल्या रानात अमुक करू का म्हणून विचारायला आला, की मी एवढंच विचारत असे, “यात दुसऱ्या कुणाचं नुकसान आहे?” नसेल तर त्याला अर्ज न लिहिता परत पाठवत असे. त्यातले तिघे हवालातीत गेले. तिघांनाही मी जामिनावर सोडवून आणलं.