जांभळा पापुद्रा

आमचे सासरे कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. हुद्दा लहान, पण पानाचा पापुद्रा काढावा तर त्यांनीच. वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचं एक शोभेचं झाड असतं, कुठल्याही कुंडीत मुकाट वाढणारं. त्याचं पान ते तिरकं दुमडून अलगद फाडत. कडेला कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ, जांभळी साय सुटून येई. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जांभळ्या फरशीवर हिरवे, अर्धवट उघडे ओठ दिसत. तीच पर्णरंध्रं. "पान इथून श्वास घेतं बरं का," हे त्यांनी मुलांच्या किती तुकड्यांना सांगितलं, त्याला गणती नाही. मी नवी सून होते तेव्हा मलाही ऐकवलं होतं.

निवृत्ती जवळ आली आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चहा पिताना कपबशी वाजायची.

"कळलं तर मला फाटकावर बसवतील," ते म्हणाले. "निघायचं ते प्रयोगशाळेतूनच."

पापुद्रा आता मध्येच फाटायचा, नाहीतर जाड यायचा. मग त्यांनी दुसरी वाट धरली. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने उचलायचं. रंध्रांचा ठसा उमटून येतो. माझी बाटली कुठे गेली, ते तेव्हा कळलं.

"या वयात नखं रंगवताय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझीही रंगवून देतो, बस."

"आधी तो हात नीट धरा," त्या बोलून गेल्या आणि जीभ चावून आत निघून गेल्या.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी त्यांनी ओट्यावर बसून ढीगभर ठसे काढले. बुडबुडे आलेले, सुरकुतलेले बाजूला करत करत त्यातल्या त्यात बरे निवडून नेले.

परीक्षेहून आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले.

"काय हो, जमलं का?" सासूबाई.

"मुली म्हणाल्या, काका, जांभळा रंग काय सुंदर दिसतोय!"

"मग झालं की!"

पण नेलपॉलिशच्या ठशाला रंग कुठला? तो काचेसारखा कोरा. सासऱ्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात वाकून पाहिलं होतं. विभागात शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या काचपट्ट्या गुपचूप उचलून ताज्या पापुद्र्यांच्या मांडल्या होत्या. बाई त्याच कॉलेजात शिकलेल्या.

"पापुद्रा काय सुरेख काढलाय गं," ते म्हणाले. "पान दुमडायला मीच शिकवलं होतं त्यांना."

"मग बोला ना त्यांच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू? त्यांनी माझं झाकलं. मी ते उघडं करू?"

थोड्याच दिवसांत त्यांनी आपणहून फाटकावरची जागा मागून घेतली. कारण सांगितलं नजरेचं. बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता आणून दिला आणि फाटकातून येता-जाता विचारू लागल्या, "काका, दाखवून आलात का?"

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात बारीक ओळसुद्धा त्यांनी न अडखळता वाचली.

"आजोबा, तरुणांना लाजवेल अशी नजर आहे," डॉक्टर हसून म्हणाले.

सासऱ्यांनी मान डोलावली. जिना उतरताना कठडा घट्ट धरून ते मला म्हणाले, "आता बाईंना काय सांगायचं, ते तूच सुचव."