चौथा दाणा

म्हशीपुढे भिजवलेली सरकी ठेवताना तिच्या वासानं अजून अकोल्याचा कापूसबाजार आठवतो. आमच्या बैलगाडीच्या सावलीत दादा बुद्धिबळ खेळत होता. समोरचा जिथं जिथं चाल करू शकेल, त्या प्रत्येक घरावर तो आधी सरकीचा दाणा ठेवून पाही. डाव जिंकल्यावर त्यानं तसंच पुढचं साल मांडलं: पाऊस, कीड, व्यापारी.

“साऱ्याले उत्तर हाय. आता ज्वारी पेरतच नाही, सारा कापूस.”

मी चौथा दाणा ठेवला. “अमेरिकेतली लढाई थांबली अन् तिकडचा कापूस पुन्हा विलायतेत जाऊ लागला तं?”

“ते कुठं आपल्या पटावर हाय?” म्हणत त्यानं तो दाणा बैलापुढे टाकला. मीही हसलो.

लढाई थांबली. कापूस कोणी विचारेना, आणि ज्वारी नाही म्हणून कडबाही नव्हता. आधी तो बैल गेला. उन्हाळा संपायच्या आत दादा.