दृष्टीला न येणारी भाषा

किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या वाचनालयात आयचुरेकबाई मांडीवर स्वतःचं पोर घेऊन आम्हा नव्या आयांना इंग्रजी शिकवायच्या. लंगोटापासून जागरणापर्यंत सगळं त्यांच्याच बाळंतपणाच्या गोष्टींतून. त्यामुळे भूतकाळ आम्हाला पहिल्याच आठवड्यात आला. कळा काही कुणी विसरत नाही.

अडलं ते विशेषणांपाशी. बाई म्हणाल्या, "आपापल्या बाळाचं वर्णन करा." पंधरा जणी, आणि प्रत्येकीचं पोर नकटं, काळं, कुत्र्याचं पिल्लू! बाळाला चांगलं म्हणायची छाती आमच्यात कुणाची? लगेच दृष्ट लागते. बाई वैतागल्या. "अगं, परीक्षेतही हेच लिहिणार का?"

माझ्या सासूबाई बूबुसारा पोरं सांभाळायला मागे बसायच्या. कणकेचा तळलेला गोळा, बोरसोक, चघळत त्या म्हणाल्या, "बोला गं बिनधास्त. दृष्टीला कुठं इंग्रजी येतंय!"

मग काय विचारता! तासाभरात बाईंची विशेषणं संपली, आमची पोरं संपेनात.

घरी येताना सासूबाईंनी विचारलं, "सुंदरला काय म्हणतात गं?" मी सांगितलं. त्या वाटभर तेच घोकत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, आता नातवाचं हे कौतुक रोज ऐका.

घरी पोचताच त्यांनी मॉस्कोला माझ्या नवऱ्याला फोन लावला. पडद्यावर तो दिसला. सिमेंटने माखलेला, दाढी वाढलेला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघत तो एकच शब्द हळूच उच्चारला.

"काय म्हणालीस, आई?"

"काही नाही रे, माकडतोंड्या," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"