एका डिस्कचे दोन मालक

तार्मो हुर्स्काइनेनला जन्मभर एक गोष्ट जमली नाही: नाही म्हणणं. फिनलंडमधल्या योएन्सू शहराच्या लोकबोली संग्रहातले लिनक्सवर चालणारे सगळे संगणक, म्हणजे तिथली यंत्रं, तो सांभाळायचा. तळघरातल्या एका मोठ्या डिस्कवर युद्धात घरदार सोडून सीमेपलीकडून आलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज होते, अकराशेच्या वर. जुन्या फितींचा चुरा होऊन त्या फेकाव्या लागल्या, आणि बोलणारे केव्हाच मातीआड गेले. उरलं होतं ते या डिस्कवर.

फितींवरून ते आवाज डिस्कवर उतरवले आउने पेसोनेन यांनी, अकरा वर्षं तळघरात बसून, छदाम न घेता; आता त्या ते कापून नीट लावत होत्या. तिसरीत त्या तार्मोला शिकवायला होत्या, म्हणून तो अजून त्यांना बाईच म्हणे. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले.

"हा जिना मला एक दिवस घेऊन जाणार बघ," त्या म्हणाल्या. "वरच्या खोलीत सोय कर माझी."

"वर नुसतं ऐकता येईल, बाई. डिस्कवर लिहिता नाही येणार."

"मग काय, वर कॉफी ढोसत बसू?"

झालं. तार्मोने नेटवर्कवरून तीच डिस्क वरच्या यंत्राला जोडली, लिहिण्याच्या परवानगीसकट. अशी डिस्क प्रत्येक यंत्राला आपल्याच पोटातली वाटते, म्हणून एका वेळी एकानेच तिच्यावर लिहायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. नवख्यांना तो तार्मोच शिकवी. पण बाई वर बसल्यावर खाली कोण लिहिणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. खालचं यंत्र जुन्या आवाजांतली खरखर काढून ते परत लिहीत असतं, हे तो साफ विसरला. ते काम त्यानेच लावलेलं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

तीन आठवडे दोन्ही यंत्रं एकमेकांच्या लिखाणावर लिहीत राहिली. आवाज अडखळू लागले तेव्हा घाबरून त्याने दुरुस्तीची आज्ञा दिली, आणि दुरुस्तीने होतं नव्हतं तेही घालवलं. राखीव प्रत रोज दुपारी इमानेइतबारे ताजी होत होती, त्यामुळे तिच्यातही तोच चिखल. फायलींची नावं तेवढी जागच्या जागी होती.

"किती उरले?" बाईंनी विचारलं.

"एकही धड नाही. चूक माझी, बाई."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"माइक लाव," त्या म्हणाल्या. "सगळे ऐकलेत मी. तोंडपाठ आहेत."

त्याने माइक लावला. सीमेपलीकडच्या सालमी गावच्या एका कोळिणीने गाय मागे ठेवून घर कसं सोडलं, ती हकिकत बाईंनी सुरू केली. दोन वाक्यांवर थांबल्या. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबल्या.

"शब्द येतायत रे सगळे. पण फळ्यासमोर उभी राहून बोलल्यासारखे येतायत. ती अशी नव्हती बोलत."

"मग कशी बोलायची?"

बाईंनी माइक दूर सारला.

"कानात आहे," त्या म्हणाल्या. "तोंडात येत नाही. बंद कर ते."