घरटी एक मडकं

पोपटीकाकी हळू बोलल्याचं आमच्या वरसे गावात कुणालाच आठवत नाही. साथीच्या दिवसांत सगळ्यांना लांबून बोलायची सवय लावून घ्यावी लागली, काकींना नाही. त्या आधीपासूनच तीन घरं ओलांडून बोलत. मास्क आणि त्यावर पदर, एवढं बांधूनही त्यांचा आवाज तसूभर कमी झाला नाही.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आळीची पोपटी त्यांच्याच हाताखाली लागायची, म्हणून हे नाव. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, अंडी, बटाटे. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. शिजलं की सगळी आळी एकाच ढिगाभोवती बसून खाणार. आता काकी पेणला लेकीकडे असतात आणि पोपटी आम्ही लावतो. शेंगा कधी कच्च्या, कधी करपलेल्या.

साथीच्या वर्षी कुणीतरी टूम काढली, भांबुर्ड्याच्या धुरानं रोग पळतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून बसायलाच हवं. काकी उखडल्या. "पाल्यानं रोग जात असता तर रोह्याचा डॉक्टर दवाखाना सोडून रानात बसला असता! पाला शेंगांसाठी हाय, तुमच्यासाठी नाय." मग पोपटी रद्द का, असं विचारल्यावर आणखीच चिडल्या. "रद्द कशाला? शेंगांना काय रोग झालाय?" त्यांनी कुंभाराकडून लहान मडकी मागवली. घरटी एक मडकं, ज्यानं त्यानं आपापल्या अंगणात खायचं.

आमच्या घरी तेव्हा आई आजारी होती. ताप उतरला, पण तिला कशाचा वास येईना, चव लागेना. "माती लागते," म्हणून ताट सरकवायची. पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात हलवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी फार घाबरले होते. काकी रोज फाटकाबाहेरून विचारत, "किती खाल्लंन आज?"

"दोनच घास."

"काल एकच होता ना गो? मग!"

त्या "मग"वर माझा दिवस निघायचा.

पोपटीच्या संध्याकाळी काकींनी आमचं मडकं फाटकाशी ठेवलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी शेंगा ताटलीत काढून आईला दिल्या. ती खिडकीशी बसली होती. काकी बघतायत म्हणून तिनं एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले. मग आणखी एक सोलली आणि तोंड वाकडं केलं. मी ताटली मागे घ्यायला हात पुढे केला.

आईनं खिडकीच्या गजाला धरलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडली, "मीठ जास्त पडलंय गो!"

काकींनी रस्त्यातच बसकण मारली. पदरानं डोळे पुसत त्या साऱ्या आळीला सांगू लागल्या, "खारट लागलं तिला! ऐकलात काय? खारट लागलं!"