खुडूक कोंबडीचे अडतीस दिवस

कोंबडा विकणाऱ्यानं मला फसवलं, असं मी दोन आठवडे धरून चालले होते. आमच्या धंद्यात फसण्याइतकी नामुष्की दुसरी नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देत, डोक्यावर पाटी घेऊन मी कोल्हापूरच्या पेठा तुडवल्या आहेत. साडी उन्हात धरून विरलेली जागा शोधायची, शर्टाची कॉलर उलटून बघायची, आणि समोरची बाई एका शर्टावर पातेलं मागायला लागली की पाटी उचलून चालू लागायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. त्या पाटीचं पुढं शटरवालं दुकान झालं. म्हणून कोणी मला गंडवलं की माझा घास खाली उतरत नाही.

कोंबड्या मी हौसेखातर घेतल्या. पुन्हा विकायची नाही, अशी मी घेतलेली ती बहुतेक पहिलीच वस्तू. बँटम ही बुटकी जात. त्यातल्या मला आवडलेल्या प्रकारात पायाच्या बोटांपर्यंत पिसं असतात, आणि कोंबडी लांबून लोकरीच्या गुंड्यासारखी दिसते. कोडोलीत एक निवृत्त मास्तर त्या पाळतात असं कळलं, तशी स्कूटर काढून गेले. दोन माद्या घेतल्या, एक पांढरी आणि एक काळी. मग कोंबड्यांकडं वळले. मास्तरांनी अंगानं बेताचा, मोकळ्या पिसांचा एक कोंबडा पुढं केला.

"ताई, ह्यो न्या. पिल्लं काढायला ह्यो बरा."

न खपणारा माल दुकानदार आधी दाखवतो, हे मला कोणी सांगायला नको. मी सगळ्यांत गुबगुबीत, शेपटीखाली पिसांचा नुसता ढीग असलेला तांबडा कोंबडा उचलला, आणि तासभर घासाघीस करून बेताच्या कोंबड्याच्या दरात पदरात पाडून घेतला.

गच्चीवर खुराडं केलं होतं. माझ्या सासूबाई शाहूवाडीकडच्या. गावठी कोंबड्यांत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी तांबड्याला खालून वरून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला कोंबडा म्हणायचं का उशी?"

काही दिवसांनी पांढरी खुडूक झाली. म्हणजे अंडी देणं थांबवून कोपऱ्यात बसून राहिली, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरू लागली. वेताच्या बुट्टीत भाताच्या काडाचं पिंजर घालून मी तिच्याखाली सहा अंडी ठेवली. एकवीस दिवस झाले. बावीस, तेवीस झाले. मी दुकानातून दुपारी दोनदा घरी येऊन अंड्याला कान लावत होते. चोविसाव्या दिवशी सासूबाईंनी एक अंडं फोडलं. आत नुसता पातळ झालेला बलक. सहाही तशीच निघाली.

"भांडं घेताना टिचकी मारून बघतीस," सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्याला मारली न्हाईस व्हय?"

मी तिथल्या तिथं भडकले. पण कोंबडी काही उठेना. रिकाम्या बुट्टीत बसून राहिली. तिला कष्ट वाया घालवायला लावले, याचं मला वाईट वाटलं, म्हणून काळीनं नुकतीच दिलेली पाच अंडी तिच्याखाली सारली. या वेळी एकवीस दिवस थांबायचं नाही, असं ठरवलं. अंडं सातव्या दिवशी उजेडावर धरलं की आतलं कळतं, ही माहिती दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं दिली. मी स्टीलच्या एका पेल्याला बुडाशी भोक पाडून आणलं. मोबाईलची बॅटरी लावून तिच्यावर पेला पालथा घालायचा, खोलीत अंधार करायचा आणि अंड्याची रुंद बाजू भोकावर टेकवायची. अंडं भरलेलं असेल तर आत एक काळा ठिपका आणि त्यातून निघालेले तांबड्या दोऱ्यांसारखे धागे दिसतात. वांझ असेल तर अंडं नुसतं पिवळं, कंदिलाच्या काचेसारखं.

पाचही पिवळी निघाली. पहिल्यांदा वाटलं, मला बघता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितली. तिसऱ्यांदा एका अंड्यात रेघ दिसली आणि मी सासूबाईंना हाक मारली. ती कवचाची चीर होती.

काळीची आणखी चार अंडी ठेवली. आता मला अंड्यांपेक्षा पांढरीची काळजी लागली होती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत बसते. एवढ्यावर एकवीस दिवस निघतात. हिचा महिना होऊन गेला होता. तुरा आधी लालभडक होता, तो कळकट गुलाबी झाला. रोज सकाळी मी तिला उचलून दाण्यांपुढं ठेवत होते, आणि रोज ती हातात हलकी लागत होती. वजनाच्या बाबतीत माझा हात चुकत नाही. पितळेचा तांब्या उचलून मी वजन सांगते. पिसांमुळं बघणाऱ्याला कळत नव्हतं, पण बोटं आत घातली की छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं लागायचं.

"नाकातनं पीस ओवायचं," सासूबाई म्हणाल्या. "न्हाईतर गार पाण्यात बुडवून काढ. उठती."

पीस ओवायला माझा हात धजेना. पाण्यात बुडवून काढलं. ती भिजलेली, एवढीशी झालेली कोंबडी गच्चीवरून थरथरत गेली आणि परत बुट्टीत जाऊन बसली. ती अंडी तरी गार पडू नयेत म्हणून मी तिला जुन्या टॉवेलनं पुसत बसले, आणि मास्तरांना मनातल्या मनात नको त्या शिव्या दिल्या. म्हातारा, निकामी कोंबडा त्यांनी मला जाणूनबुजून दिला, कारण मी दर पाडला होता. घासाघीस सहन होत नाही ती माणसं असाच सूड घेतात. मी अशी पुष्कळ बघितली आहेत.

सातव्या दिवशी ती चारही पिवळी निघाली. चोवीस, सात आणि सात, अडतीस दिवस झाले होते. चार अंडी भुसा घालून स्टीलच्या डब्यात ठेवली, कोंबडा पिशवीत बांधला आणि कोडोली गाठली. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. मास्तर पडवीत कोंबड्यांचं खाद्य चाळत होते. मी गाडीवरून उतरायच्या आतच सुरू केलं.

"मास्तर, पोरं शिकवलीसा ना जन्मभर? मग बाईमाणसाला असं फसवायला कुठल्या शाळेत शिकलासा?"

त्यांनी चाळण खाली ठेवली. "ताई, आधी खाली तरी उतरा."

मी डबा उघडून त्यांच्यापुढं आदळला. त्यांनी एक अंडं उजेडावर धरलं, मान हलवली, आणि पिशवीतून कोंबडा काढला. त्याला काखेत धरून शेपटी वर केली आणि खालची पिसं दोन्ही अंगठ्यांनी बाजूला केली. वीतभर ढीग होता.

"कोंबडा एक नंबर हाय. अडचण हितं हाय बघा. एवढी गादी मधी आल्यावर काम हुणार कसं? ही पिसं कातरावी लागत्यात. कोंबड्याची बी, कोंबडीची बी."

"मग हे त्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगतच हुतो की. 'ताई, एक ऐकून जावा' म्हणून रस्त्यापातूर पळत आलो. चप्पल तुटली माझी."

"नवी चप्पल हुती," आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला.

मला आठवलं. गाडीच्या आरशात त्यांना हात वर करून येताना मी बघितलं होतं, आणि गाडी जोरात पिटाळली होती. दर ठरला, माल हातात आला की मागं वळायचं नाही, हा माझा वीस वर्षांचा नियम. हाक मारणारी बाई एक तर साडी परत मागते, नाहीतर वर एक चमचा. हाकेला थांबलं की ठरलेला दर मोडतो. त्या नियमानं माझं दुकान उभं राहिलं, आणि त्याच नियमानं मी त्या माणसाचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही. तरी मी म्हणालेच, की तुमच्याकडं माझा नंबर होता, फोन करायचा. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

मास्तरांनी कात्री आणून पिसं कातरली. कोंबडा हजामत करून घेणाऱ्या पाटलासारखा मान ताठ ठेवून होता. मग त्यांनी विचारलं, "खुडूक किती दिवस बसलीया?"

"अडतीस."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "आता नवीन अंडी ठेवू नगासा. अजून एकवीस दिवस न्हाय टिकायची ती."

हे मला माहीत होतं. ते आत गेले आणि टोपलीत चार पिल्लं घेऊन आले, आदल्या दिवशी फुटलेली. "दिवस मावळला की तिच्या पोटाखाली सारा. घेतली तर उठंल. न्हाय घेतली तर टोचंल. नशीब."

"काय द्यायचं?"

"काय बी नगं."

फुकट घेतलेल्या वस्तूनं मान वाकते. मी डब्यातली अंडी आणि भुसा त्यांच्या उकिरड्यावर ओतला, डबा नळावर घासून पुसून पिल्लांच्या बदल्यात पडवीत ठेवला, कोंबडा परत पिशवीत घातला आणि टोपली उचलली. घासाघीस झाली नाही. निघताना त्यांनी हाक मारली, तशी मी थांबले. "वाऱ्यानं गारठत्यात, फडकं झाका," एवढंच म्हणाले.

गच्चीवर पोचले तेव्हा उजेड कमी झाला होता. पांढरी रिकाम्या बुट्टीत डोळे अर्धे मिटून बसली होती. मी एक पिल्लू मुठीत झाकून मागच्या बाजूनं तिच्याखाली सारलं. ती हलली नाही. दुसरं सारलं, तिसरंही. चौथं काळं होतं आणि माझ्या बोटांतून निसटून तिच्या तोंडापुढं आलं. तिनं त्याच्या डोक्यावर टोच मारली. पिल्लू किंचाळलं. मी हात पुढं केला.

"हात घालू नगंस," सासूबाई मागून म्हणाल्या.

"मारतीया ती!"

"इचारतीया. गप ऱ्हा."

तिनं आणखी एकदा टोचलं, जरा हळू. पिल्लू मागं सरण्याऐवजी तिच्या छातीच्या पिसांत घुसलं. तिनं मान वाकडी करून बघितलं, आणि घशातून एक बारीक कुडकुड काढली. हा आवाज तिनं या आधी कधी काढला नव्हता. मी तिथंच पायरीवर बसले. अंधारात दिसत नव्हतं, म्हणून चिवचिव मोजत होते. तीन लागायच्या, मग चार, मग पुन्हा तीन.

सकाळी ती मी न उचलता बुट्टीतून उतरली. पाय लटपटत होते. चार पिल्लं तिच्यामागं घरंगळत होती. मी कण्या टाकल्या. तिनं एक कणी चोचीत उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा टाकली, आणि पिल्लांना बोलावत राहिली. स्वतः एकही खाईना. छातीचं हाड बाहेर आलेलं, आणि ही पिल्लांना वाढत बसली आहे.

"तू खा की गं भवाने!" मी ओरडले.

"खाईल," सासूबाई म्हणाल्या. "आधी त्यांचं."

पिल्लं चोच मारायला शिकली, पांगली. पांढरीनं आणखी एक कणी उचलली. मी तिच्या चोचीकडं बघत होते. ती कणी तिनं खाली टाकली नाही.